एकच व्यक्ती असल्याबाबत

‘श्रीमती भागीरथी जयराम गावस ऊर्फ सुमंगला बाबाजी परब, राहणार कोरगाव, तालुका पेडणे, यांनी स्वेच्छेने व स्वहस्ताक्षराने परकीय नागरिकत्व संपादन केले असून त्या येथील रहिवासी राहिलेल्या नाहीत. सबब त्यांचे नाव मतदारयादीतून का वगळू नये, याचा खुलासा त्यांनी सात दिवसांच्या आत समक्ष हजर राहून करावा.’

तालुक्याच्या कचेरीची ही नोटीस सुमंगलाबाईंनी कोरगावातल्या आपल्या घराच्या सोप्यावर, सकाळी नऊ वाजता, पोस्टमनच्या वहीत सही करून घेतली. म्हणजे ज्या बाई त्या पत्त्यावर राहतच नाहीत, त्यांना तसे कळवण्यासाठी सरकारला तोच पत्ता पुरला. बाईंनी चष्मा पुसला आणि नोटीस पुन्हा वाचायला घेतली. पहिल्या वेळी त्यांनी अर्थ लावला होता, आता त्या तपासत होत्या. एकतीस वर्षे सरकारी प्राथमिक शाळांत मराठी शिकवलेला माणूस लग्नपत्रिकाही तपासल्याशिवाय वाचत नाही.

‘राहणार कोरगाव’ आणि ‘रहिवासी राहिलेल्या नाहीत’ ही दोन विधाने एकाच वाक्यात सुखाने शेजारी बसली होती, तिकडे त्यांनी दुर्लक्ष केले. सरकारी वाक्यात असले संसार पुष्कळ असतात. ‘ऊर्फ’ हा शब्द त्यांनी आजवर वर्तमानपत्रात दरोडेखोरांच्या नावांमध्येच पाहिला होता. ‘स्वहस्ताक्षराने’ हे तर सरळ खोटे होते. भागीरथी या नावाने त्यांनी शेवटची सही पंचाहत्तर साली, लग्नाआधी केली होती. त्यानंतर त्या नावाने त्यांना सही मागण्याचे कोणाला कारणच उरले नाही. मात्र खरा घोळ ‘स्वेच्छेने’ या शब्दात होता. बाईंचे लग्न, त्यांचे नवे नाव, नोकरीतल्या सात बदल्या, यांपैकी कशालाही हा शब्द लावावा असे आयुष्यभरात कोणाला सुचले नव्हते. बहात्तराव्या वर्षी तो प्रथमच त्यांच्या वाट्याला आला, आणि आला तो त्यांनी न केलेल्या कृत्यासाठी.

लग्नात नाव बदलते, याचे कोरगावात कोणाला नवल नाही. नवरामुलगा ताटातल्या तांदळांत अंगठीने नवे नाव लिहितो, भोवतालच्या बायका ते मोठ्याने वाचतात आणि मग कोणीतरी ताट हलवून तांदूळ सारखे करते. जुने नाव पुसायचे कष्ट कोणी घेत नाही, कारण ते कुठे लिहिलेलेच नसते.

पण हे लिहिलेले होते. बाईंचा जन्म त्रेपन्न सालचा, डिचोली तालुक्यातल्या नार्व्याचा, आणि तेव्हा डिचोली पोर्तुगालची होती. नोंदणीच्या जाड वहीत जयराम गावसांच्या मुलीचा जन्म पोर्तुगीज भाषेत साग्रसंगीत उतरला होता. त्या नोंदीच्या शब्दशः उताऱ्याला लोक अजून ‘तेओर’ म्हणतात. एकसष्टच्या डिसेंबरापूर्वी इथे जन्मलेल्या माणसाचा तेओर लिस्बनला पाठवून तिथे जन्म नोंदवला, की तो माणूस पोर्तुगालचा; तो झाला, की त्याची मुले पोर्तुगालची; आणि मुलांना अवघा युरोप मोकळा. भारत मात्र दोन देश चालवून घेत नाही. तिकडचा झालेला माणूस इकडचा उरत नाही. ज्या राजवटीच्या भीतीने सप्तकोटेश्वराला नदीपलीकडून उचलून नार्व्यात आणावे लागले, त्याच राजवटीची वही आज नार्वेकर शोधत फिरतात, आणि वाटेत त्याच देवाला नारळही ठेवतात. देव दोन्ही वेळा गप्प राहिला; त्याचा अनुभव मोठा आहे.

तेव्हा प्रश्न स्वच्छ होता. बाईंना न विचारता कोणीतरी त्यांना परदेशी केले होते. ते तसेच राहिले, तर पन्नास वर्षे नांदलेल्या घरात त्यांना परवान्यावर राहावे लागणार होते, आणि ज्या शाळेत त्यांनी मतदान केंद्रांची कामे केली, तिथे मत द्यायला जाता येणार नव्हते.

त्यांनी नोटीस नवऱ्यापुढे ठेवली. बाबाजी अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांचा जन्म आजोळी, सातार्ड्याला, म्हणजे तेरेखोल नदीच्या पलीकडच्या काठावर, जिथे पोर्तुगालचे काही चालत नव्हते. भाषाही त्यांनी आजवर तिकडचीच ठेवली. धारगळला हमरस्त्यावर त्यांचे सायकली आणि टायरांचे दुकान होते, ते आता पुतण्या चालवतो. त्यांनी नोटीस लांब धरून वाचली.

“कोणाची तरी चूक,” ते म्हणाले. मग विचारले, “थय गेल्यार सगळे कागद दाखवतत काय गो?”

दाखवावेच लागतात, असे बाईंनी सांगितले. बाबाजी उठले आणि माडांना पाणी सोडायला गेले. माडांना कालच पाणी सोडले होते. बाईंनी ते पाहिले आणि सोडून दिले. संशयाची एक खोड असते: तो दूरच्या माणसापासून सुरुवात करतो.

दूरचा माणूस म्हणजे गौरेश, त्यांचा एकुलता मुलगा. डिचोलीच्या एका खाणीवर यंत्रांच्या दुरुस्तीच्या कामाला होता. खाणी बंद पडल्या, मग त्याने दोन-तीन कारखाने केले, आणि तीन वर्षांपूर्वी बायको सेजल आणि मुलगी सिद्धी यांना घेऊन तो उत्तर स्वीडनला गेला. कंपनीने बोलावले, असे त्याने घरात सांगितले होते. तिथेही लोखंडाचीच खाण. फक्त ती जमिनीच्या पोटात, आणि वर बर्फ. खाण खालून पोखरते म्हणून तिथले अर्धे शहर उचलून दुसरीकडे नेऊन मांडत होते. डिचोलीत डोंगर गेले तेव्हा कोणी काही मांडून दिले नाही, असे बाई एकदा म्हणाल्या होत्या. त्यावर तो म्हणाला होता की इथे आधी पत्र येते, मग बैठक होते, मग घराच्या बदल्यात घर मिळते, आणि मगच भिंत हलते. म्हणून तर मी इथे आहे.

त्याने काय दिले आणि काय घेतले, हे बाईंना तोंडपाठ होते. सिद्धीला शाळेत गरम जेवण मिळत होते. ती आजारी पडली तर बाप घरी राहू शकत होता आणि त्याबद्दल त्याला कोणी उपकार सांगत नव्हते. चार वाजता काम संपले म्हणजे संपले. त्या बदल्यात डिसेंबरात सूर्य उगवतच नसे. डॉक्टरने थेंब दिले होते, उन्हाऐवजी. शेजारी दिसले की नमस्कार करीत, वाटेतले बर्फ लोटून देत, आणि तीन वर्षांत कोणी उंबऱ्याच्या आत आले नव्हते. चतुर्थीला गणपतीवर माटोळी बांधायला रानफळे नव्हती, म्हणून त्याने भूर्जाच्या डहाळ्यांना सफरचंदे टांगली होती. सेजल, जी इथे बँकेत होती, तिथे पाळणाघरात मुलांचे बूट चढवीत होती. सिद्धी आजीशी बोलताना मराठी वाक्य सुरू करी आणि दुसऱ्या भाषेत संपवी. हा सौदा वाईट आहे, असे बाई प्रामाणिकपणे म्हणू शकत नव्हत्या. त्यात आपलेही काही तारण ठेवले गेले आहे, एवढे मात्र त्यांना कोणी सांगितले नव्हते.

आता त्यांना आठवले, की मागच्या खेपेला तिघांचे पासपोर्ट सेजलच्या पर्समध्ये होते आणि ती पर्स न्हाणीत जातानाही तिच्याबरोबर जात होती.

त्यांनी दुपारी अडीचला फोन लावला. तिथे सकाळचे दहा. पडद्यावर गौरेशच्या मागे खिडकी, आणि खिडकीत पहाटेसारखा निळा अंधार. बाईंनी प्रस्तावना केली नाही. तुझा पासपोर्ट कोणत्या देशाचा, एवढेच विचारले.

“तू कोणाशी बोललीस?” गौरेश म्हणाला.

निरपराध माणूस ‘का विचारतेस’ म्हणतो. ‘कोणी सांगितले’ हा दुसऱ्या प्रकारच्या माणसाचा प्रश्न असतो. बाई गप्प बसून राहिल्या, कारण शिक्षकाच्या गप्प बसण्यापुढे मुले फार वेळ टिकत नाहीत, मग ती एकेचाळीस वर्षांची का असेनात. त्याने सांगितले, की पासपोर्ट पोर्तुगालचा आहे, निम्म्या गोव्याचा तसाच असतो, बाबांचा जन्म सातार्ड्याचा पडला म्हणून आईच्या नावावरून करावे लागले, आणि यात लपवण्यासारखे काय आहे, कारण—

“कारण सही तुझीच आहे,” तो म्हणाला. “म्हणजे, तू केलीस असं मला सांगितलं गेलं.”

“कोणाकडून?”

“आई, माझी बस चुकेल.”

बस चुकली नसावी, कारण तिकडच्या बसगाड्यांची स्तुती त्यानेच अनेकदा केली होती. फोन बंद झाल्यावर बाई त्या वाक्यापाशी थांबल्या. ‘सांगितलं गेलं.’ घरात मुलाला त्यांनी हट्टाने प्रमाण मराठी लावली होती, आणि ही इंग्रजीच्या वळणाची रचना त्याला कधीच येत नव्हती. तिची सोय एकच: कर्ता बाहेर ठेवता येतो. कर्म तेवढे पंगतीला बसते. गौरेश खोटे बोलत नव्हता. तो कोणाला तरी वाक्याबाहेर उभे करून दार लावून घेत होता.

बाहेर कोण? भागीरथी हे नाव आणि जन्माची तारीख देणारा माणूस माहेरचा असणार, या तर्काने बाई दुसऱ्या दिवशी नार्व्याला गेल्या. म्हापसा, डिचोली, मग तिसरी बस. भाऊ यशवंत, चौऱ्याहत्तर वर्षांचा, नदीकाठच्या शेताकडे तोंड करून अंगणात बसला होता. त्यांना भागी म्हणणारा जगात तोच एक उरला होता. त्याने स्वतः चार वर्षांपूर्वी लिस्बनला जन्म नोंदवला होता आणि त्या जोरावर त्याचा ओंकार इंग्लंडला गेला होता. यशवंताचे मत गेले. त्या जागी घरात एका मोठ्या टीव्हीची भर पडली होती.

सगळे ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “म्हजेर दुबाव घेतां भागी?”

संशयाला तिकडे दुबाव म्हणतात. मुळात दुभाव, एकाच्या ठिकाणी दोन दिसणे. बाईंनी तो घेतला होता आणि तसे सांगितलेही. यशवंत रागावला नाही, हसला. तुझे नाव सांगायला माझी गरज काय, असे त्याने विचारले. तुझ्या लग्नाच्या मांडवात तीनशे माणसे होती आणि त्यांतली निम्मी अजून जिवंत आहेत. मग तो खाली सरकून बसला आणि समजुतीच्या सुरात बोलू लागला. सही माझीच म्हणून सांग. पोराचे बस्तान बसले आहे, ते कशाला उठवतेस. परदेशी नागरिकाचे कार्ड मिळते, त्यावर घरातच राहायचे, कोणी हात धरून काढत नाही.

“देश म्हळ्यार किदें गो? पांच वर्सांनी एक बटण.”

बाईंनी त्याला विचारले, की ते बटण एवढे क्षुल्लक असेल तर ते गेल्यापासून तो प्रत्येक निवडणुकीत केंद्राबाहेर जाऊन का उभा राहतो. यशवंत उठला. जेवून जा, म्हणाला. त्या जेवल्या नाहीत. पण हा माणूस नव्हे, एवढे त्यांना कळले: ज्याने स्वतःचे विकले आहे तो दुसऱ्याचे चोरत नाही, तो दुसऱ्यालाही विकायचा सल्ला देतो.

येताना त्या पेडण्याच्या बाजारात विशालच्या कार्यालयात गेल्या. तालुक्यातून लिस्बनला जाणारे सगळे कागद करून देणारा विशाल त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणून उभा राहिला, खुर्ची पुसून दिली, आणि काहीच सांगितले नाही. कागद आपल्याकडे सह्या होऊनच येतात, असे तो म्हणाला. मुखत्यारपत्रावरचा नोटरी कुठला, तेही त्याला आठवेना; शिक्का वाचता येत नव्हता. दारापर्यंत सोडायला आला तेव्हा मात्र त्याने आवाज उतरवला.

“बाई, भायर सोदू नकात. पाकीट तुमच्या घरातनंच आयिल्लें.”

त्या रस्त्यावर आल्या आणि त्यांना पहिल्यांदा राग आला. आतापर्यंत त्यांना नुसते कुतूहल होते, आणि कुतूहलाला शरम नसते.

सुनावणीच्या दिवशी कचेरीत हरी आधीच येऊन बसला होता. आक्षेप त्याचा. येत्या पंचायतीला तो वॉर्डातून उभा राहणार होता, आणि त्याने चाळीस नावांवर आक्षेप घेतले होते, निव्वळ देशप्रेमापोटी, असे त्याने स्वतःच सर्वांना सांगितले. ते चाळीसही जण गेल्या खेपेला त्याच्या विरुद्ध मत देणारे निघावेत, हा देशप्रेमाचा योगायोग. बाईंकडे पाहून तो म्हणाला की व्यक्तिशः काही नाही, बाई. बाईंनी सांगितले की तुझ्या तिसरीच्या निबंधातही व्यक्तिशः काही नसायचे, सगळे शेजारच्याचे असायचे. अधिकारी तरुण होता. त्याने हसू फाईलमध्ये लपवले.

मग त्याने आक्षेपासोबतचे कागद पुढे केले. वर इंग्रजी मजकूर होता आणि मथळ्याखाली कोणीतरी पेन्सिलीने मराठीत लिहिले होते: एकच व्यक्ती असल्याबाबत प्रतिज्ञापत्र. मुलाच्या जन्मदाखल्यात आई सुमंगला, वहीत जन्मलेली मुलगी भागीरथी. त्या दोघी एकच आहेत असे शपथेवर सांगितल्याखेरीज लिस्बनचा कारकून पुढे जात नाही. आणि ज्या कागदाने दोघींना तिकडे एक केले, त्याच कागदाची प्रत हरीला मिळाली, म्हणून त्या इकडेही एकच ठरल्या. भगीरथाने पूर्वजांच्या उद्धारासाठी गंगा खाली आणली म्हणतात. इथे वंशजाच्या उद्धारासाठी भागीरथीला उत्तर ध्रुवाच्या दिशेने वर चढवले होते, तेही नोटरीच्या शिक्क्याने.

खाली देवनागरीत सही होती.

‘भागिरथि.’

दोन्ही वेलांट्या ह्रस्व.

बाईंनी चष्मा काढला नाही, पुसला नाही. कोरगावपासून लिस्बनपर्यंत इतक्या टेबलांवरून हा कागद गेला, आणि त्यांतल्या एकाही डोळ्याला ते खुपले नव्हते. यशवंत असे लिहिणार नाही. दोघांनाही एकाच बापाने पाटीवर गिरवून घेतले होते. गौरेशला तर त्यांनी स्वतः शिकवले होते, आणि त्यासाठी फटकेही दिले होते. सेजल इंग्रजीत सही करते. सगळ्या वेलांट्या ह्रस्व काढणारा माणूस त्यांच्या ओळखीत एकच होता. धारगळच्या दुकानापुढे त्याने स्वतःच्या हाताने रंगवलेली पाटी पंचवीस वर्षे उभी होती: ‘येथे गाडि उभि करु नये’. बाई शाळेतून येता-जाता ती वाचत, आणि घरी आल्यावर सांगत. त्यावर त्याचे शास्त्र ठरलेले होते. ह्रस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढायची असते, म्हणून विसरत नाही. दीर्घ मागाहून काढायची, तोवर गिऱ्हाईक येते.

अधिकाऱ्याने विचारले, सही तुमची आहे का, हो किंवा नाही एवढेच सांगा.

बाईंना दोन्ही उत्तरे माहीत होती. ‘हो’ म्हटले की त्या खोलीतून एक परदेशी बाई बाहेर पडणार होती आणि कोरगावच्या बसमध्ये बसणार होती. ‘नाही’ म्हटले की तो कागद खोटा, त्यावर उभे असलेले तीन पासपोर्ट डळमळीत, आणि सही करणारा गुन्हेगार. त्यांनी सोमवारपर्यंत मुदत मागितली.

“स्वतःची सही ओळखायला मुदत लागते?” हरी म्हणाला.

“ओळखली आहे,” बाई म्हणाल्या. “म्हणूनच लागते.”

बसथांब्यावरूनच त्यांनी गौरेशला फोन केला. सोमवारी आपण ‘नाही’ सांगणार आहोत, तेव्हा त्याने तिथल्या वकिलाला गाठावे, असे त्यांनी शांतपणे सांगितले. तो ओरडेल अशी त्यांची अपेक्षा होती. तो ओरडला नाही. त्याला सही खोटी असल्याचे ठाऊक नव्हते, हे त्यांना त्याच्या श्वासावरून कळले. सिद्धीची शाळा जूनपर्यंत तरी, एवढे तो बोलला, आणि ते वाक्य त्याने कोणत्याच भाषेत पुरे केले नाही. बाईंनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. आपण आत्ता ‘बरं, हो म्हणते’ असे म्हणू शकतो, हे त्यांना दिसत होते. म्हटले असते तर सगळ्यांनी त्यांना माउली म्हटले असते, आणि ‘स्वेच्छेने’ हा शब्द शेवटी खराही झाला असता. फक्त ती इच्छा त्यांची नसती. त्यांनी फोन ठेवला.

बाबाजी सोप्यावर सुपारी कातरत होते. त्यांनी बाईंचे तोंड पाहिले आणि अडकित्ता मिटून ठेवला. बाईंनी आतून वही आणि पेन आणले, समोरच्या खुर्चीत बसल्या, आणि तारीख टाकली. मग त्यांनी काय घडणार ते सांगितले. सोमवारी अधिकारी विचारणार की सही तुमची नाही तर कोणाची. तेव्हा मी ही वही पुढे करणार. तुम्ही सांगाल ते शब्दशः लिहीन, शुद्धलेखनाखेरीज काही सुधारणार नाही, आणि खाली सही तुम्ही करायची, या वेळी स्वतःच्या नावाने.

“आणि झील?” बाबाजींनी विचारले.

गौरेशला सांगितले आहे, असे बाई म्हणाल्या.

“आणि माका धरून व्हरतीत?”

ते मला ठाऊक नाही, असे त्या म्हणाल्या. आणि खरोखरच त्यांना ठाऊक नव्हते. रस्त्याने कोणीतरी मोटारसायकलवरून गेले आणि हात करून गेले. बाबाजींनीही हात केला. पन्नास वर्षांत त्यांनी बाईंपुढे एकाही गोष्टीची कबुली दिली नव्हती, पाटीचीसुद्धा नाही. बाईंना वाटले की आता ते विसरण्याचे सोंग घेतील, किंवा विशालचे नाव सांगतील, किंवा छातीला हात लावतील, आणि या तिन्हींसाठी त्या तयार होत्या. बाबाजींनी यांतले काही केले नाही. त्यांनी धोतराचा सोगा गुडघ्यावर सारखा केला आणि बोलायला सुरुवात केली, गिऱ्हाइकाला टायरचा भाव सांगावा तशा आवाजात. बाईंनी लिहून घेतले ते असे:

“लिही. सही मी केलंय. दोन कागद फाडलंय, तिसरो बरो इलो. गौरेशान सांगलेल्यान, आवयक इचार. मी इचारूक नाय, आणि तेका सांगलंय, तिणाच केल्यान, पण तिच्याकडे विषय काढू नको. इचारलंय असतंय तर तू नाय म्हणतलस, ह्या माका ठावक होता, आणि तुझ्या नायफुडे ह्या घरात कोणाचा काय चलत नाय. भागीरथी ह्या नाव माका कधी लागूकच नाय. पन्नास वर्सां मी सुमंगलेबरोबर जेवलंय. माका वाटला, एकीक धाडूया, दुसरी हय रवतली. झील थय पोटाक लागतलो आणि बायल माझ्या घरात रवतली. दोनय माका व्हयी होती, आणि दोनय मेळाली. तुझा काय गेला, ता मी तेव्हा बघूक नाय, कारण बघितलंय असतंय तर सही जमाची नाय. चुकलंय, असा लिहू नको. सापडलंय, असा लिही.”